मेंदूची स्वतःची बोअरवेल: डोक्यात तयार होणारी स्टेरॉइड्स

(हे आपल्या भागाचं लिखित रूप आहे. ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी. बोलण्याची भाषा शक्यतो आहे तशीच ठेवली आहे.)

 

आजचा विषय आहे स्टेरॉइड. हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर दोनच गोष्टी येतात. एक, जिममधला तो फुगलेला दंड आणि त्याच्याबद्दलची कुजबुज, "अरे, तो घेतो." आणि दुसरी, दम्याचा पंप किंवा त्वचेचं मलम, ज्याच्याबद्दल घरात कुणीतरी म्हणतंच, "त्यात स्टेरॉइड असतं, जपून." म्हणजे स्टेरॉइड ही बाहेरून शरीरात येणारी, जराशी संशयास्पद वस्तू, असं आपल्या मनात बसलेलं आहे.

पण रसायनशास्त्रात स्टेरॉइड म्हणजे फक्त एक आकार. कार्बनची चार कडी एकमेकांना चिकटलेली, तीन षटकोनी आणि एक पंचकोनी. त्या सांगाड्याला इकडेतिकडे छोटे बदल केले की टेस्टोस्टेरॉन होतं, इस्ट्रोजेन होतं, प्रोजेस्टेरॉन होतं, कॉर्टिसॉल होतं. कोलेस्टेरॉलसुद्धा त्याच घराण्यातलं. आपण सगळे चोवीस तास स्टेरॉइड बनवत असतो.

आता शाळेत आपण काय शिकलो? हार्मोन्स ग्रंथींमध्ये बनतात. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी, पुरुषांमध्ये वृषण, बायकांमध्ये अंडाशय. तिथून ती रक्तात येतात आणि रक्तातून सगळीकडे पोचतात, मेंदूतही. या चित्रात मेंदू म्हणजे घेणारा, ग्राहक. फार तर पिट्युटरीमार्फत ऑर्डर देणारा. पण स्वतः स्टेरॉइड बनवणारा? नाही.

हे चित्र अपुरं आहे. मेंदू स्वतःची स्टेरॉइड्स स्वतः बनवतो. आणि हे फक्त परीक्षेत एका मार्काला विचारायचं ट्रिव्हिया नाहीये. बाळंतपणानंतर कोलमडणाऱ्या बाईला आपण काय म्हणतो, आणि केस गळतात म्हणून गोळी घेणाऱ्या आपल्या वयाच्या पोरांना काय माहीत असायला हवं, या दोन्ही गोष्टी याच्याशी जोडलेल्या आहेत. शेवटपर्यंत थांबा.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक करून कोड लिहिणारा माणूस आहे. त्यामुळे यातलं काहीही ऐकून आपलं औषध सुरू किंवा बंद करू नका. समजून घ्या, आणि डॉक्टरांना नीट प्रश्न विचारा.

तर सुरुवात करू १९४१ पासून, कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरातून. तिथे हान्स सेली नावाचे शास्त्रज्ञ होते. आज आपण ऊठसूट "स्ट्रेस आलाय" म्हणतो ना, तो शब्द शरीराच्या संदर्भात लोकप्रिय करणारे हेच ते. सेली उंदरांना वेगवेगळी स्टेरॉइड हार्मोन्स टोचून काय होतं ते बघत होते. प्रोजेस्टेरॉनचा मोठा डोस दिला आणि उंदीर चक्क झोपले. नुसते पेंगले नाहीत, भूल दिल्यासारखे निपचित पडले. आणि तेही काही मिनिटांत.

यात विचित्र काय? वेळ. स्टेरॉइडची नेहमीची कामाची पद्धत संथ असते. ते पेशीच्या आत शिरतं, तिथल्या रिसेप्टरला चिकटतं, ती जोडी डीएनएपर्यंत जाते, कुठलीतरी जीन्स चालू-बंद होतात, मग नवी प्रथिनं बनतात, आणि मग कुठे परिणाम दिसतो. याला तास लागतात, कधी दिवस लागतात. आमच्या भाषेत सांगायचं तर सोर्स कोड बदलून, नवीन बिल्ड काढून डिप्लॉय करण्यासारखं काम आहे हे. पण सेलींचे उंदीर मिनिटांत आडवे झाले. म्हणजे इथे कोड बदललाच जात नव्हता. कुणीतरी थेट स्विच दाबत होतं.

हा स्विच कोणता, हे कळायला चाळीसेक वर्षं लागली. मधल्या काळात डॉक्टरांनी मात्र या गुणाचा उपयोग करून घेतला. अल्फाक्सलोन नावाचं एक कृत्रिम स्टेरॉइड १९७० च्या दशकात माणसांना भूल द्यायला वापरात होतं. ते ज्या द्रावणात विरघळवून देत, त्या द्रावणाची काही रुग्णांना तीव्र अ‍ॅलर्जी यायची, म्हणून १९८४ मध्ये ते बाजारातून काढलं गेलं. पण तोच रेणू दुसऱ्या द्रावणात घालून आजही जनावरांचे डॉक्टर कुत्र्या-मांजरांना भूल द्यायला वापरतात.

स्विच सापडला १९८४ ते १९८६ च्या सुमारास. आपल्या मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं. त्याचं काम ब्रेक मारण्याचं. चेतापेशीच्या पृष्ठभागावर गाबाचे दरवाजे असतात. गाबा येऊन बसलं की दरवाजा उघडतो, क्लोराइडचे आयन आत येतात, आणि ती पेशी शांत होते, सहजासहजी सिग्नल पाठवत नाही. झोपेच्या आणि चिंतेच्या बऱ्याच गोळ्या, भुलेची अनेक औषधं, अगदी दारूसुद्धा, यांच्या परिणामात या दरवाजाचा मोठा हात असतो. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या मारिया मायेव्स्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की प्रोजेस्टेरॉनपासून बनणारे काही स्टेरॉइड याच दरवाजावर काम करतात. दरवाजा जास्त वेळ उघडा ठेवतात. जीन्स नाही, बिल्ड नाही, थेट ब्रेक.

त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं नाव आहे अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन. नाव लांबलचक आहे, पण आज हेच आपलं मुख्य पात्र. लक्षात ठेवायला सोपं जावं म्हणून मी त्याला 'अ‍ॅलो' म्हणतो.

इथपर्यंत काय कळलं? की स्टेरॉइड मेंदूवर झटपट काम करू शकतात. पण ती मेंदूत बनतात हे कसं कळलं?

त्यासाठी जाऊ पॅरिसला. तिथे एतियेन-एमिल बोल्यू नावाचे शास्त्रज्ञ होते. २०२५ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी ते गेले. १९८१ मध्ये त्यांच्या गटाने उंदरांच्या मेंदूत डीएचईए सल्फेट नावाचं स्टेरॉइड मोजलं. ते मेंदूत रक्तापेक्षा जास्त होतं. इथेच पहिली शंका आली. बाहेरून येणारी वस्तू आत जास्त आणि बाहेर कमी, असं कसं?

मग त्यांनी डिबगिंगचा सगळ्यात जुना उपाय केला. एकेक गोष्ट काढून टाका आणि बघा. उंदरांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी काढल्या. वृषण काढले. म्हणजे पुस्तकाप्रमाणे जिथे जिथे हे स्टेरॉइड बनायला हवं, ते सगळे कारखाने बंद. अनेक दिवस थांबून परत मोजलं. मेंदूतलं स्टेरॉइड होतं तसंच होतं. सर्व्हर बंद करूनही पेज लोड होत असेल तर कुठेतरी दुसरा सर्व्हर चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ. बोल्यूंनी या स्टेरॉइडना नाव दिलं न्यूरोस्टेरॉइड.

पुढच्या काही वर्षांत तो दुसरा कारखाना प्रत्यक्ष सापडला. मेंदूत सिग्नल पाठवणाऱ्या चेतापेशी असतात तशा त्यांची देखभाल करणाऱ्या ग्लिया पेशीही असतात. या ग्लियांमध्ये स्टेरॉइड बनवण्याची यंत्रणा आहे हे १९८७ च्या सुमारास दिसलं. नंतर काही चेतापेशीही हे काम करतात हे कळलं, उदाहरणार्थ लहान मेंदूतल्या पर्किन्जे पेशी.

आता हे बनतं कसं, ते दोन मिनिटांत बघू. कच्चा माल कोलेस्टेरॉल. हो, तेच ज्याच्या रिपोर्टवरून घरात तुपावर वाद होतात. पण एक गंमत ऐका. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा मेंदूत असतो. आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल मेंदूत जवळपास शिरतच नाही, कारण मधे रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर आहे. त्यामुळे मेंदू आपलं कोलेस्टेरॉलही स्वतःच बनवतो. म्हणजे तूप खाऊन मेंदूतली हार्मोन्स वाढतील, असं समजू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर असं काही आलं तर पुढे ढकलू नका.

हे कोलेस्टेरॉल पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामध्ये नेलं जातं. तिथे एक एन्झाइम त्याची शेपटी कापतं. २७ कार्बनच्या रेणूतले ६ कार्बन जातात, उरतात २१. हा झाला प्रेग्नेनोलोन, सगळ्या स्टेरॉइड हार्मोन्सचा आजोबा. त्याच्यापासून प्रोजेस्टेरॉन. मग येतं आपल्या गोष्टीतलं महत्त्वाचं एन्झाइम, फाइव्ह-अल्फा-रिडक्टेज. हे नाव लक्षात ठेवा, परत लागणार आहे. ते प्रोजेस्टेरॉनमध्ये हायड्रोजन घालतं, आणि अजून एका पायरीनंतर तयार होतं अ‍ॅलो.

आता एक उदाहरण देतो, सगळं एकदम जागेवर बसेल. तुमची सोसायटी डोळ्यांसमोर आणा. महापालिकेचं पाणी पाइपलाइनने येतं, त्याला मीटर आहे. पण सोसायटीने स्वतःची बोअरवेलही मारलेली आहे. गच्चीवरच्या टाकीत दोन्ही पाणी एकत्र होतं. आता मला सांगा, महापालिकेच्या मीटरचं रीडिंग बघून टाकीत किती पाणी आहे ते कळेल का? नाही कळणार. त्यातला एक हिस्सा कळेल फक्त.

मेंदूचंही असंच आहे. स्टेरॉइड तेलकट असतात, त्यामुळे ती रक्तातून मेंदूत जाऊ शकतात. ही झाली पाइपलाइन. मेंदू स्वतःही बनवतो. ही बोअर. शिवाय पाइपलाइनने आलेल्या प्रोजेस्टेरॉनवर मेंदू स्वतःच्या एन्झाइमने प्रक्रिया करून त्याचं अ‍ॅलो करतो. म्हणून रक्ताचा हार्मोन रिपोर्ट 'नॉर्मल' आला, म्हणजे डोक्यात सगळं नॉर्मल आहे, असा अर्थ निघत नाही. रिपोर्ट खोटा नसतो. तो मीटर वेगळ्या पाइपचा असतो.

आणि ही बोअर किती चपळ असते याचं एक सुंदर उदाहरण पक्ष्यांत आहे. झेब्रा फिंच नावाचा लाल चोचीचा चिमुकला पक्षी तुम्ही पक्षी विकणाऱ्या दुकानात बघितला असेल. मूळचा तिकडचा, ऑस्ट्रेलियाच्या बाजूचा. लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं की हा पक्षी दुसऱ्या पक्ष्याचं गाणं ऐकतो किंवा मादीला भेटतो, तेव्हा त्याच्या मेंदूतल्या आवाज समजणाऱ्या भागात इस्ट्रोजेनची पातळी थोड्याच वेळात वर जाते. नर पक्ष्याच्या डोक्यात, इस्ट्रोजेन, मिनिटांच्या हिशोबात. 'बायकांचं हार्मोन' आणि 'पुरुषांचं हार्मोन' ही आपली विभागणी मेंदूला फारशी माहीतच नाही.

उंदरांमध्येही असंच दिसलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांच्या मेंदूच्या पुढच्या भागातल्या चेतापेशींमधलं इस्ट्रोजेन बनवणारं एन्झाइम तेवढं बंद केलं. त्या भागातलं इस्ट्रोजेन ७० ते ८० टक्क्यांनी घटलं आणि उंदरांची स्मरणशक्ती बिघडली. म्हणजे हे घरगुती उत्पादन शोभेचं नाही. मेंदू ते रोजच्या कामाला वापरतो.

आता येऊ मुद्द्याच्या दोन गोष्टींकडे. पहिली, बाळंतीण.

गरोदरपणात वार भरपूर प्रोजेस्टेरॉन बनवते. त्यातून अ‍ॅलोही खूप बनतं, आणि शेवटच्या तीन महिन्यांत त्याची पातळी सगळ्यात वर असते. मग बाळ जन्मतं, वार पडते, आणि थोड्याच दिवसांत ही पातळी धाडकन खाली येते. पाइपलाइन एका दिवसात तुटते म्हणा ना. मेंदूचे गाबाचे दरवाजे गेले कित्येक महिने त्या भरपूर अ‍ॅलोच्या हिशोबाने जुळवून घेतलेले असतात. आता त्यांना परत जुन्या स्थितीत यायचं असतं, आणि तेही झोप मोडलेली, टाके दुखतायत, दर दोन तासांनी अंगावर पाजायचंय, अशा वेळी. बहुतेकींचं ते जुळतं. काहींचं नाही जुळत.

यावर एक प्रयोग आहे. २००८ मध्ये जेमी मॅग्वायर आणि इस्तवान मोदी यांनी असे उंदीर अभ्यासले ज्यांच्यात गाबाच्या दरवाजाचा अ‍ॅलोला दाद देणारा एक भागच नव्हता. एरवी त्या माद्या ठीक होत्या. पण विल्यानंतर त्या पिलांकडे लक्ष देईनात, घरटं धड करीनात, आणि त्यांची पिलं जास्त मरू लागली. त्या दरवाजावर काम करणारं औषध दिल्यावर त्या सुधारल्या. आता उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. पण त्या मादीला कुणी "तुला आईपणाची हौसच नाही" असं म्हणेल का? तिच्या संसारात, तिच्या सासरी काही बिनसलेलं नव्हतं. एक दरवाजा नीट चालत नव्हता.

आपल्याकडचं चित्र काय आहे? २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. २० हजारांहून जास्त बायकांचा. त्यात सुमारे २२ टक्के बायकांना बाळंतपणानंतरचं नैराश्य दिसलं. पाचातली एक. तुमच्या बहिणी, वहिनी, मैत्रिणी डोळ्यांसमोर आणून मोजा.

आणि घरात आपण काय बोलतो? "सगळ्याच बायकांना पोरं होतात." "आम्ही नाही का काढली चार-चार?" "इतकं गोड लेकरू मांडीत आहे आणि रडतेस काय?" "मन रमव जरा." शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, बाळाची अंघोळ, सगळं प्रेमाने होतं, पण ती गप्प का झाली हे विचारलं जात नाही. आई, सासू, आत्या यांना दोष देत नाही मी. त्यांना हे कुणी सांगितलंच नाही. म्हणून आपण सांगायचं.

२०१९ च्या मार्चमध्ये अमेरिकेत ब्रेक्सॅनोलोन नावाच्या औषधाला मान्यता मिळाली, खास बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी. तोपर्यंत खास या आजारासाठी तिथे एकही मान्यताप्राप्त औषध नव्हतं. आणि ब्रेक्सॅनोलोन म्हणजे काय? अ‍ॅलोच. मेंदू जे बनवतो तोच रेणू, सलाईनमधून. सेलींच्या झोपलेल्या उंदरांपासून इथपर्यंत यायला ७८ वर्षं लागली. नेहमीच्या नैराश्याच्या गोळ्यांना परिणाम दाखवायला काही आठवडे लागतात. याच्या चाचण्यांमध्ये बऱ्याच जणींना अडीच दिवसांतच फरक जाणवला.

पण हेही ऐका. ते सलाईन सलग ६० तास लावावं लागायचं, दवाखान्यात, सतत नजरेखाली, कारण एकदम शुद्ध हरपण्याचा धोका होता. शेवटी ब्रेक जोरात दाबणारं औषध आहे ते. आणि किंमत एका उपचाराची सुमारे ३४ हजार डॉलर. तान्हं बाळ घरी ठेवून कोण राहणार अडीच दिवस? ते फार चाललं नाही आणि २०२४ च्या अखेरीस बंद झालं. मधे २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याच जातीच्या झुरानोलोन या औषधाला मान्यता मिळाली होती. कॅप्सूल, रोज संध्याकाळी, १४ दिवस. तीही घेतल्यावर १२ तास गाडी चालवायची नाही, असा ठळक इशारा आहे.

मग आपल्याला याचा उपयोग काय? तर उपयोग हा, की आजार खरा आहे याचा पुरावा मिळाला. साध्या, स्वस्त, आपल्या गावातही मिळणाऱ्या उपचारांचं महत्त्व याने कमी होत नाही. समुपदेशन आहे, नेहमीच्या गोळ्या आहेत, आणि दूध पाजताना त्यातली कुठली चालते हे डॉक्टर ठरवतात. आणखी एक गंमत अशी की फ्लुऑक्सेटिनसारख्या नेहमीच्या नैराश्याच्या गोळ्या उंदरांच्या मेंदूतलं अ‍ॅलो वाढवतात, हे १९९६ पासून माहीत आहे. १९९८ मध्ये नैराश्याच्या रुग्णांच्या मेंदूभोवतीच्या द्रवातही तसंच दिसलं. आधी कमी होतं, गोळ्यांनी वाढलं. म्हणजे जुन्या गोळ्याही कदाचित थोड्याफार याच बोअरवर काम करत असाव्यात.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं, चिडचिड होणं अगदी सर्रास असतं आणि आपोआप ओसरतं. पण दोन आठवडे झाले तरी ती उदासच आहे, बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, "मी चांगली आई नाही" असं सारखं म्हणते, किंवा मरणाचं बोलते, तर वाट बघू नका. डॉक्टरकडे न्या. सरकारी रुग्णालय असो, तुमच्या नेहमीच्या बाळंतपणाच्या डॉक्टर असोत. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. नंबर आत्ताच सेव्ह करा.

आता दुसरी गोष्ट. केस.

पंचविशीत केस गळायला लागलेले किमान दोन-तीन मित्र प्रत्येकाचे असतात. आणि त्यातला एक तरी फिनास्टेराइडची गोळी घेतो. या गोळीचा जन्म मोठा रंजक आहे. १९७४ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या काही मुलग्यांमध्ये जन्मतःच फाइव्ह-अल्फा-रिडक्टेजची कमतरता होती. आठवलं का हे नाव? या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी मोठी होत नव्हती आणि त्यांना टक्कल पडत नव्हतं. कारण हे एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी बनवतं, आणि टक्कल पडण्यामागे डीएचटी. मग हे एन्झाइम थांबवणारं औषध आलं. अमेरिकेत १९९२ मध्ये प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅम, आणि १९९७ मध्ये केसांसाठी १ मिलिग्रॅम.

आता जोडा तुम्हीच. जे एन्झाइम डीएचटी बनवतं, तेच एन्झाइम मेंदूत अ‍ॅलो बनवण्याची पायरी करतं. आपल्या केसांसाठी आपण एक नळ बंद करतोय, आणि त्याच नळावर दुसरीही तोटी आहे.

याचा अर्थ गोळी घेणारा प्रत्येक जण उदास होतो का? अजिबात नाही. बहुतेकांना काही होत नाही. आणि इथे एक तपशील प्रामाणिकपणे सांगायला हवा. या एन्झाइमचे प्रकार आहेत. फिनास्टेराइड माणसात मुख्यतः दुसरा प्रकार थांबवतं, आणि मेंदूत जास्त करून पहिला प्रकार असतो. त्यामुळे "गोळी घेतली, अ‍ॅलो गेलं, डिप्रेशन आलं" असा सरळ हिशोब मांडता येत नाही. कुणी रीलमध्ये मांडत असेल तर तो घाई करतोय.

पण धोका नाही असंही म्हणता येत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ मध्ये या औषधाच्या माहितीपत्रकात आत्महत्येच्या विचारांची नोंद घालायला लावली. २०२५ च्या मे महिन्यात युरोपच्या औषध यंत्रणेच्या सुरक्षा समितीने आढावा घेऊन सांगितलं की आत्महत्येचे विचार येणं हा फिनास्टेराइडच्या गोळ्यांचा दुष्परिणाम आहे. नोंदलेल्या बहुतेक घटना १ मिलिग्रॅमवाल्यांच्या, म्हणजे केसांसाठी घेणाऱ्यांच्या होत्या. समितीने हेही म्हटलं की फायदे धोक्यापेक्षा जास्तच आहेत, गोळी बंद करायची गरज नाही. मात्र केसांसाठी घेणाऱ्याला उदास वाटू लागलं किंवा मरणाचे विचार आले तर त्याने गोळी थांबवावी आणि डॉक्टरांशी बोलावं.

माझं म्हणणं एवढंच. आज ही गोळी अ‍ॅपवर चार प्रश्नांची उत्तरं देऊन घरपोच येते. त्यात मूडचा प्रश्न नीट विचारला जाईल याची खात्री धरू नका. म्हणून स्वतःहून सांगा. पूर्वी कधी नैराश्य आलं असेल तर गोळी सुरू करायच्या आधी सांगा. घेत असाल तर घरातल्या किंवा रूमवरच्या एका माणसाला सांगून ठेवा, "मी हे घेतोय, माझ्यात काही बदल दिसला तर बोल." आपला मूड उतरतोय हे आपल्याआधी रूममेटला कळतं. आणि लाजू नका रे. केस जाणं हे दुःख खरं आहे, त्यावर उपाय करणं यात कमीपणा नाही.

तिसरी छोटी सूचना. प्रेग्नेनोलोन आणि डीएचईए यांच्या डब्या 'ब्रेन बूस्टर' म्हणून ऑनलाइन दिसतील. आजचा भाग ऐकून त्या मागवू नका. तुमच्या पोटात गेलेला रेणू मेंदूत जाऊन नेमका हवा तोच पदार्थ होईल, याची हमी नाही. वाटेत त्याची भलतीच हार्मोन्स होऊ शकतात. खेळाडूंनी तर डीएचईएपासून लांबच राहायचं, ते उत्तेजकांच्या बंदी यादीत आहे.

तर मंडळी, आजच्या भागातून एक वाक्य घरी न्यायचं असेल तर हे न्या. "सगळं तुझ्या डोक्यातलं आहे" असं आपण एखाद्याला म्हणतो, तेव्हा आपल्याला म्हणायचं असतं की ते खरं नाही. पण डोकं हाही शरीराचाच भाग आहे, त्यात कारखाना आहे, एन्झाइम आहेत, कच्चा माल आहे, आणि यातलं काहीही बिघडू शकतं. थायरॉइडच्या गोळीसाठी आपण कुणाला टोमणे मारत नाही. मनाच्या औषधासाठीही मारायचे नाहीत.

हा भाग अशा एका माणसाला पाठवा ज्याच्या घरात नुकतंच बाळ झालंय, किंवा ज्याने परवाच केसांची गोळी सुरू केली आहे. "ऐक जरा" एवढंच लिहा, बाकी काही नको. तुमचे प्रश्न आले तर पुढच्या एखाद्या भागात घेऊ. काळजी घ्या, पुरेशी झोप घ्या. भेटू लवकरच!